कुसळापासून करवतीपर्यंत : हौशी सुतारकामातील किरकोळ जखमा

हौसेखातर घरच्या घरी लाकूडकाम करणाऱ्याला होणाऱ्या बहुतेक जखमा किरकोळ असतात आणि त्या तशा मानल्या जाण्यात काही वावगे नाही. परंतु जखम किरकोळ आहे की नाही हे ठरवण्यासाठी सर्रास वापरली जाणारी कसोटी, म्हणजे रक्त किती आले आणि दुखले किती, ही फसवी असते. बोटाच्या टोकाला पटाशीची धार लागली की रक्ताची धार लागते, पाहणारे घाबरतात, आणि तरीही ती जखम नीट धुऊन बांधली तर आठवडाभरात भरून येते. उलट बाभळीचे अर्ध्या इंचाचे कुसळ तळहातात मोडून राहिले तर रक्ताचा थेंबही दिसत नाही, काम थांबत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी दुखरी गाठ उभी राहते. जखम शरीराच्या नेमक्या कोणत्या जागी झाली, ती किती खोल गेली, तिच्यात काय राहून गेले आणि जखमी माणसाचे धनुर्वाताविरुद्धचे लसीकरण कधी झाले होते, या चार गोष्टींवर तिचे गांभीर्य ठरते, आणि त्यांतील एकही गोष्ट रक्ताच्या प्रमाणावरून कळत नाही.

बीड जिल्ह्यातील वडवणी हा बालाघाटच्या डोंगररांगांलगतचा, बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुका. मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे येथेही लाकूडकाम हा दीर्घकाळ हौसेचा विषय नव्हता. तिफण, कुळव, वखर, बैलगाडीची चाके आणि घराची दारे-चौकटी ही गावच्या सुताराची कामे होती, त्याबद्दल खळ्यावर धान्याच्या रूपाने त्याला बलुते मिळत असे, आणि वाकस, किंकरे, पटाशी, रंधा, करवत, गिरमिट ही हत्यारे त्याच्याच घरात असत. ट्रॅक्टर आल्यावर लाकडी औतांची मागणी ओसरली, लोखंडी दारे आणि प्लायवूडचे फर्निचर आले, आणि सुताराची पुढची पिढी मोठ्या प्रमाणात शहरातल्या फर्निचरच्या कामाकडे वळली. दुसऱ्या बाजूला ड्रिल मशीन, जिगसॉ, ग्राइंडर ही विजेवर चालणारी हत्यारे स्वस्त झाली आणि मोबाइलवर पाहून शिकण्याची सोय झाली, त्यामुळे निवृत्त शिक्षक, दुकानदार, महाविद्यालयात जाणारी मुले अशी मंडळी स्टूल, देव्हारा, पुस्तकांची मांडणी, गणपतीचे मखर असे काहीबाही स्वतः करू लागली. हा बदल स्वागतार्हच आहे. हाताने काम करण्याला शिक्षणात स्थान असावे हा आग्रह १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेपासून महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे आणि पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने तो ग्रामीण मुलांसाठी प्रत्यक्षात आणून दाखवला. मात्र सुताराच्या घरात वाढलेल्या मुलाला हत्यार हाती येण्याआधी कित्येक वर्षे ते पाहायला मिळत असे. हौशी माणसाला हत्यार आधी मिळते आणि पाहणे नंतर घडते, आणि जखमांचे मूळ बऱ्याचदा या उलट क्रमात असते.

सुताराची पारंपरिक बैठक हे याचे चांगले उदाहरण आहे. तो जमिनीवर बसतो, लाकूड पायाच्या बोटांत किंवा टाचेखाली धरतो आणि वाकसाने स्वतःच्या दिशेने तासतो. म्हणजे धारेच्या मार्गात त्याचे स्वतःचे पाऊल असते. अनेक वर्षांच्या सरावाने वाकसाचा प्रत्येक घाव ठराविक जागीच थांबवण्याची सवय हाताला लागलेली असते, म्हणून हे निभते. शिकंजा नाही आणि टेबलही नाही म्हणून हौशी माणूस हीच बैठक उचलतो, पण घाव थांबवण्याची सवय त्याच्याजवळ नसते, आणि मग अंगठ्याच्या बाजूला, नडगीवर किंवा मांडीवर वार बसतात. हेच हत्यारांच्या धारेबाबत घडते. बोथट पटाशी धोक्याची आणि धारदार पटाशी त्याहून अधिक धोक्याची, असे नवख्याला वाटते. वस्तुस्थिती अशी की बोथट पाते लाकडात शिरत नाही, म्हणून मागून जोर लावावा लागतो, तंतू तुटला की तो सगळा जोर एकदम सुटतो, आणि पाते पुढे जिथे जाईल तिथे जाते. लाकूड धरणारा डावा हात नेहमी धारेच्या मागे ठेवावा हा सुतारांचा जुना नियम याच कारणासाठी आहे, आणि तो पाळला तर पटाशीच्या निम्म्याहून अधिक जखमा होणारच नाहीत असे म्हणण्यास हरकत नाही.

या भागात हौशी माणसाच्या हाती येणारे लाकूड हा आणखी एक वेगळा मुद्दा आहे. मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची, म्हणजे लाकडी खांब, तुळया व कडीपाट यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छताची असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशा मातीच्या व दगडी भिंतींच्या घरांनी मोठी प्राणहानी घडवली, त्यानंतर लोकांचा कल सिमेंटच्या स्लॅबकडे वेगाने वळला आणि उतरवलेल्या माळवदांचे सागवान, लिंब आणि बाभूळ अडगळीत पडून राहिले. हे लाकूड पन्नास-साठ वर्षे वाळलेले, स्थिर आणि अनेकदा देखणे असते, म्हणून हौशी माणसाला त्याचा मोह पडतो आणि तो योग्यही आहे. परंतु त्यात जुने खिळे खोलवर मोडलेले असतात, भेगांत माती आणि शेणाचा सारवा मुरलेला असतो, आणि अतिवाळलेली बाभूळ रंध्याखाली सरळ सोलली न जाता लांब, टोकदार कुसळे सोडते. नव्या प्लायवूडच्या तुकड्याने झालेला ओरखडा आणि अशा तुळईने झालेला ओरखडा दिसायला सारखे असले, तरी वैद्यकीय दृष्टीने ते सारखे नाहीत.

माती आणि शेण यांचा उल्लेख येथे महत्त्वाचा आहे, कारण धनुर्वाताचा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम टेटानी, जनावरांच्या आतड्यात आणि मातीत बीजाणूंच्या रूपात राहतो. बीजाणू म्हणजे प्रतिकूल परिस्थितीत टिकून राहणारे जिवाणूचे कवचबंद, निद्रिस्त रूप. ते वर्षानुवर्षे टिकते आणि साध्या उन्हाने किंवा स्पिरिटने मरत नाही. हा जिवाणू प्राणवायू नसलेल्या जागीच वाढतो, म्हणून पसरट आणि भळभळणाऱ्या जखमेपेक्षा खिळ्याने किंवा कुसळाने झालेले अरुंद, खोल भोक त्याला अधिक मानवते. गंजलेल्या खिळ्यामुळे धनुर्वात होतो ही समजूत म्हणजे अर्धे सत्य आहे: गंज स्वतः निरुपद्रवी आहे, पण गंजलेला खिळा सहसा मातीत पडलेला असतो आणि तो भोक खोल पाडतो. जिवाणूने सोडलेले विष मज्जातंतूंच्या वाटेने मज्जारज्जूपर्यंत पोहोचते आणि स्नायूंना सैल होण्याचा आदेश देणारी यंत्रणा बंद पाडते, त्यामुळे प्रथम दातखीळ बसते आणि पुढे सर्वांग ताठरते. जखम झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः ३ ते २१ दिवस जातात, आणि तोवर मूळ जखम बहुधा भरून गेलेली, कधी विसरलीही गेलेली असते.

जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो कितासातो यांनी १८८९ मध्ये या जिवाणूचे शुद्ध संवर्धन केले आणि पुढल्याच वर्षी एमिल फॉन बेरिंग यांच्यासह त्याच्या विषावर प्रतिविष शक्य असल्याचे दाखवले. त्या पायावर उभी राहिलेली लस आज सर्वत्र मिळते. भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये आणि सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला, आणि माता व नवजात बालकांमधील धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले. या यशाआड एक पोकळी दडलेली आहे. १९७८ पूर्वी जन्मलेल्या खेड्यातील पुरुषाला बालपणी लसीचा पूर्ण क्रम मिळाला असण्याची शक्यता कमी असते. त्याच वयाच्या स्त्रीला निदान गरोदरपणात डोस मिळालेले असतात, पुरुषाला तशीही संधी नसते. निवृत्तीनंतर हौसेने हातात करवत घेणारा वर्ग नेमका हाच आहे. त्याच्या बाबतीत जखम झाल्यावर एकच इंजेक्शन घेऊन भागत नाही, ठराविक अंतराने तीन डोसांचा मूळ क्रम पूर्ण करावा लागतो, आणि मळलेल्या खोल जखमेच्या वेळी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही वेगळे द्यावे लागू शकते. याउलट ज्याचा मूळ क्रम पूर्ण आहे त्याला स्वच्छ, लहान जखमेसाठी शेवटच्या डोसानंतर १० वर्षे आणि मातीने माखलेल्या जखमेसाठी ५ वर्षे उलटली असतील तरच पुढचा डोस लागतो; प्रत्येक खरचटण्यासाठी किंवा दर सहा महिन्यांनी ‘टीटी’ टोचून घेण्याची जी रूढी पडली आहे तिला वैद्यकीय आधार नाही. सरकारी कार्यक्रमात आता टीटीऐवजी धनुर्वातासह घटसर्पापासूनही संरक्षण देणारी टीडी लस दिली जाते, तेव्हा दवाखान्यात टीडी टोचली गेली तर काही वेगळेच दिले असा समज करून घेऊ नये.

आता कुसळाकडे वळणे योग्य, कारण संख्येच्या दृष्टीने हौशी सुतारकामातील सर्वांत मोठी जखम हीच आहे. धातूचा किंवा काचेचा कण शरीरात राहिला तर शरीर पुष्कळदा त्याभोवती पडदा तयार करून त्याच्याशी जुळवून घेते. लाकडाचे तसे नसते. लाकूड सच्छिद्र असते, ते ऊतींतील द्रव शोषून फुगते, मऊ पडून त्याचे तंतू सुटतात, आणि पोकळ्यांतून आलेले जिवाणू व बुरशी आत मोकळ्या होतात. म्हणून कुसळ काढण्यापूर्वी हात बराच वेळ गरम पाण्यात बुडवून ठेवण्याचा सल्ला लाकडाच्या बाबतीत उलटा ठरतो: कुसळ फुगते आणि चिमट्यात धरताच तुटते. साबणाने हात धुवावेत, उजेडात कुसळ कोणत्या दिशेने शिरले आहे ते पाहावे, स्पिरिटने पुसलेल्या सुईने त्याच्यावरची कातडी त्याच दिशेने उकलावी, आणि टोक मोकळे झाल्यावर बारीक टोकाच्या चिमट्याने शिरलेल्या मार्गानेच ओढावे. ज्योतीवर तापवलेली सुई निर्जंतुक होते, पण तिच्यावर काजळी चढते, म्हणून ती पुसल्यावाचून वापरू नये. नखाखाली शिरलेले, सांध्याजवळचे, किंवा टोक न दिसणारे कुसळ घरी कोरत बसण्यात अर्थ नाही.

कुसळ आत राहिल्याची शंका असेल तर क्ष-किरण चित्राने समाधान करून घेणे ही दुसरी चूक. लाकडाची घनता भोवतालच्या मांसाहून फारशी वेगळी नसल्याने क्ष-किरणांत ते सहसा दिसत नाही. चित्र कोरे आले म्हणून आत काही नाही असा निष्कर्ष निघत नाही. सोनोग्राफीत मात्र लाकडाचा बारीक तुकडाही त्यामागे पडणाऱ्या सावलीसह ओळखता येतो. बाभूळ आणि विशेषतः वेडी बाभूळ यांच्या काट्यांबाबत ग्रामीण महाराष्ट्राला वेगळे सांगण्याची गरज नाही. काट्याचे टोक आत मोडून राहिल्यास कित्येक आठवडे सूज राहते आणि सांध्यापाशी ते असेल तर सांधा दुखू लागतो.

बुरशीचा धोका दुर्मीळ आहे, पण त्याचा इतिहास महाराष्ट्राशी असा निगडित आहे की तो येथे टाळणे बरोबर होणार नाही. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत १९४० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे ३,००० कामगारांना हातापायांवर ओळीने गाठी उठवणारा स्पोरोट्रायकोसिस हा बुरशीजन्य विकार जडला, आणि त्याचा उगम खाणीला आधार देणाऱ्या लाकडी खांबांवर वाढलेल्या बुरशीत सापडला. खांबांना खरचटून झालेल्या क्षुल्लक ओरखड्यांतून ती शिरली होती. अनवाणी पायांत काटा किंवा कुसळ रुतून वर्षानुवर्षे वाढत जाणारा ‘मदुरा पाय’ हा विकार याच जातीचा. त्याला मायसेटोमा हे नाव देऊन त्याचा बुरशीशी संबंध दाखवणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, आणि १८७४ मध्ये त्यांनी या विकारावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १८५८ च्या हेन्री ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाग्रंथातील चित्रे याच कार्टर यांच्या हातची. ग्रंथ मात्र ग्रे यांच्या नावाने ओळखला गेला.

शरीररचनेचा विषय निघालाच आहे, तर कापल्याच्या जखमेत तिचे महत्त्व सर्वाधिक आहे. हाताच्या बोटांत स्नायू नसतात. बोटे वाकवणारे आणि सरळ करणारे मुख्य स्नायू कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात आणि ते कंडरा नावाच्या चिवट दोऱ्यांनी बोटांच्या हाडांना ओढतात. या दोऱ्या तळहाताच्या बाजूने कातडीखाली अगदी थोड्या खोलीवरून, वंगण असलेल्या नळीसारख्या आवरणातून जातात, आणि प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक संवेदी मज्जातंतू आणि रक्तवाहिनी धावते. त्यामुळे मांडीवरचा तीन इंचांचा उथळ वार आणि तर्जनीच्या पहिल्या पेऱ्यावरचा पाव इंचाचा वार यांत दुसरा अधिक गंभीर असू शकतो. रक्त थांबले की प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे वाकवून आणि सरळ करून पाहावा, डोळे मिटून बोटाच्या दोन्ही कडांना कापसाचा स्पर्श कळतो का ते तपासावे. एक पेरे वाकत नसेल किंवा एका कडेला बधिरपणा असेल, तर बाहेरून जखम कितीही लहान दिसो, ती किरकोळ नाही. कंडरा अर्धवट कापली असेल तर बोट वाकते, पण जोर लावताना दुखते, आणि अशी कंडरा काही दिवसांनी साधे दप्तर उचलताना तुटते.

रक्त थांबवण्याची रीत साधी आहे, पण ती पाळली जात नाही. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून १० मिनिटे सलग, मध्ये उचलून न पाहता दाबावे आणि हात छातीच्या वर धरावा. रक्तवाहिनी प्रथम आकुंचन पावते, मग रक्तबिंबिका, म्हणजे रक्तातील प्लेटलेट पेशी, फाटक्या जागी चिकटून पहिले बूच तयार करतात, आणि त्यावर फायब्रिन या प्रथिनाचे तंतू जाळे विणतात. दर मिनिटाला कापड उचलून पाहणारा माणूस हेच जाळे पुन्हा पुन्हा फाडत असतो. बोटाला दोरी किंवा रबर आवळून बांधण्याची गरज सुतारकामातील जखमेत जवळपास कधीच पडत नाही. अंगठी मात्र लगेच काढावी, सूज आल्यावर ती निघत नाही.

धुण्याबाबत वडवणीसारख्या ठिकाणी एक खरी अडचण आहे. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली काही मिनिटे धरणे हा संसर्ग टाळण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, पिण्यायोग्य पाण्याने धुतलेल्या साध्या जखमांत सलाइनने धुतलेल्या जखमांपेक्षा संसर्ग अधिक होत नाही असे तुलनात्मक अभ्यासांतून दिसले आहे. पण उन्हाळ्यात ज्या गावाला टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात तेथे हौदातील साठवलेले पाणी पिण्यायोग्य असतेच असे नाही. अशा वेळी पिण्याच्या जारचे किंवा उकळून थंड केलेले पाणी लिटरभर खर्च करावे, ही उधळपट्टी नव्हे. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा तीव्र आयोडीन जखमेच्या आत ओतल्याने जिवाणूंबरोबर नव्याने वाढू पाहणाऱ्या पेशीही मरतात. त्यांची जागा जखमेच्या कडेवर, आत नव्हे.

घरगुती उपायांचा सरसकट उपहास करणे हे शहरी लेखनाचे एक दुखणे आहे. दगडी पाल्याचा, म्हणजे बांधावर सर्वत्र उगवणाऱ्या एकदांडीचा, रस ताज्या कापावर पिळण्याची चाल ग्रामीण महाराष्ट्रात सर्वदूर आहे, आणि या वनस्पतीच्या अर्काने रक्तस्राव लवकर थांबतो व जखम भरण्यास मदत होते असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळलेले आहे. हळदीतील कर्क्युमिनबद्दलही प्रयोगशाळेत असेच निष्कर्ष आहेत. अडचण वनस्पतीत नाही, ती जिथून उचलली त्या जागेत आहे. बांधावरचा पाला जनावरांच्या वाटेवरचा असतो आणि डब्यातील हळद निर्जंतुक नसते, शिवाय ती जखमेत भरली की तळ दिसत नाही आणि आत कंडरा कापली आहे की काय हे डॉक्टरांना आधी ती खरवडून पाहावे लागते. चुना, दंतमंजन, कॅप्सूल फोडून टाकलेली पावडर यांच्याबद्दल इतकेही चांगले बोलता येत नाही. बिब्बा तर कातडी जाळतो आणि पुष्कळांना तो उततो, म्हणून जखमेवर त्याला स्थान नाही.

हातोडीचा घाव नखावर बसला की नखाखाली रक्त साकळते, त्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि दाबामुळे ठणका लागतो. डॉक्टर तापलेल्या बारीक तारेने किंवा जाड सुईने नखाला भोक पाडून ते रक्त वाहू देतात आणि वेदना क्षणात उतरते. मात्र हे पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच उपयोगाचे, रक्त गोठल्यावर नाही. बोटाचे शेवटचे पेरे उचलता येत नसेल किंवा नखाच्या बुडाची कातडी फाटली असेल तर खालचे हाड मोडल्याची शक्यता धरावी. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, तेव्हा काळे नख पूर्णपणे निघून नवे यायला सुमारे सहा महिने लागतात, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

डोळ्याबाबत कोणतीही जखम किरकोळ धरू नये. रंधा मारताना, घासताना किंवा डोक्यावरच्या उंचीवर ड्रिल करताना उडालेला लाकडाचा कण बुबुळावर ओरखडा उठवतो, आणि वनस्पतीजन्य पदार्थाने झालेला ओरखडा धातूच्या कणापेक्षा एका अर्थाने वाईट असतो: फ्युसॅरियम आणि ॲस्परजिलस या बुरशी त्यातून शिरतात आणि भारतासारख्या उष्ण प्रदेशात बुबुळाच्या व्रणांचे ते एक मोठे कारण आहे. डोळा चोळू नये, रुमालाच्या टोकाने, जिभेने किंवा तूप घालून कण काढण्याची धडपड करू नये, पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने धुवावा, आणि टोचणे, लाली किंवा उजेडाचा त्रास दुसऱ्या दिवशीही राहिला तर नेत्रतज्ज्ञाला दाखवावा. मेडिकल दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडयुक्त थेंबांनी लाली तात्पुरती उतरते आणि बुरशी मात्र फोफावते; बुबुळावर फूल पडून दृष्टी कायमची मंदावण्याच्या कित्येक प्रकरणांत मधला दुवा हे थेंब असतात. पारदर्शक प्लास्टिकचा संरक्षक चष्मा ड्रिलच्या एका चांगल्या पात्याइतक्या किमतीत मिळतो.

यंत्रांच्या बाबतीत किरकोळ या शब्दाची मर्यादा लवकर ओलांडली जाते, आणि ती ओलांडणारे मुख्य यंत्र म्हणजे लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसवलेला ग्राइंडर. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, म्हणजे पात्याची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने फिरत असते. धोका दिसल्यापासून हात मागे घेण्यास माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो असे धरले, तर तेवढ्यात पाते पस्तीसहून अधिक वेळा फिरून गेलेले असते. हे यंत्र लोखंड घासण्यासाठी घडवलेले आहे. दातेरी पाते लाकडाच्या गाठीत अडकले की सगळी फिरकी उलट यंत्राच्या धडाला मिळते आणि ते धरणाऱ्याच्या अंगावर उसळते. पाते मोठे बसावे म्हणून झाकण काढून टाकलेले असेल तर मध्ये काहीच उरत नाही. हौशी कामासाठी हा जोड अजिबात वापरू नये. भारनियमनाच्या भागात आणखी एक अपघात संभवतो: वीज जाते, बटण दाबून अडकवलेल्या स्थितीतच यंत्र खाली ठेवले जाते, आणि वीज परत येताच ते आपोआप सुरू होऊन जमिनीवर नाचू लागते, म्हणून वीज गेल्याबरोबर प्लग काढण्याची सवय लागली पाहिजे. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे, गळ्यातील रुमाल, मनगटातील दोरे नकोत, कारण पाते ते ओढून घेते आणि त्यांच्यामागून हात जातो.

गोंगाटाचा हिशेब थोडक्यात सांगता येतो: ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो आणि प्रत्येक ३ डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते असे व्यावसायिक आरोग्यशास्त्राचे गणित आहे, तेव्हा १०० डेसिबलच्या आसपास ओरडणाऱ्या गोल करवतीजवळ पंधरा मिनिटांतच दिवसाचा वाटा संपतो. भुशाचा प्रश्न अधिक संथ आहे. सागवानातील लॅपॅकॉल आणि त्याच्या जातीची द्रव्ये, तसेच शिसवीतील काही द्रव्ये, कातडीला खाज व पुरळ आणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ मध्ये लाकडाचा भुसा माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. हा निष्कर्ष वर्षानुवर्षे भुशात श्वास घेणाऱ्या कामगारांवरून काढलेला आहे, रविवारच्या हौशीला त्यावरून घाबरण्याचे कारण नाही; बाहेर अंगणात घासणे आणि नाकावर मास्क लावणे एवढे पुरते. झटपट चिकटणाऱ्या फेव्हिक्विकसारख्या गोंदाने बोटे चिकटली तर ती ओढून सोडवू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात हळूहळू घोळवावीत. जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेली चिंधी चोळामोळा करून टाकू नये, कारण तेल वाळताना उष्णता सोडते आणि ढिगातली चिंधी आपोआप पेटते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी.

जखम झाल्यानंतरच्या दिवसांत काय पाहायचे, हे शेवटी सांगायला हवे. नखाच्या कडेला पू धरणे, म्हणजे नखुरडे, बहुधा आटोक्यात राहते. त्याहून वेगळी स्थिती अमेरिकन शल्यविशारद ॲलन कॅनव्हेल यांनी १९१२ मध्ये हाताच्या संसर्गावरील ग्रंथात वर्णन केली आहे: बोट किंचित वाकलेलेच राहते, सगळे बोट एकसारखे सुजते, कंडरेच्या मार्गावर दाबले की दुखते, आणि दुसऱ्याने बोट सरळ केले तर असह्य कळ येते. ही चार लक्षणे म्हणजे कंडरेच्या आवरणात पू झाल्याची खूण आहे, आणि ती एका कुसळानेही निर्माण होते. मधुमेह असलेल्यांनी याची वाट पाहू नये. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांच्या या जिल्ह्यात हाताला कोयता लागणे ही रोजची बाब मानली जाते आणि चिंधी बांधून पुन्हा कामाला लागण्याचा कणखरपणा येथे अंगी मुरलेला आहे. ज्याची मजुरी बुडते त्याची ती नाइलाजाची गोष्ट असते, पण हौसेने देव्हारा करणाऱ्याला तेवढी घाई नसते. त्याने तालुक्याच्या दवाखान्यात, आणि बोट वाकत नसेल तर बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, त्याच दिवशी जावे. लाकूड कोणते होते, जखम होऊन किती तास झाले आणि शेवटचा टीडी डोस कधी घेतला हे सांगावे, आणि आत लाकूड राहिल्याची शंका असेल तर ती स्पष्ट बोलून दाखवावी. कापलेली कंडरा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत शिवली गेली तर बोट बहुतांशी पूर्ववत चालते. नंतर तिची टोके आक्रसून मागे सरतात आणि साधी शस्त्रक्रिया पुरेशी होत नाही.